पोरांची मैत्री आणि वयातलं अंतर

ताईंनो, बैठकीत हा प्रश्न बऱ्याचदा येतो, "आमची आठवीतली पोरगी बारावीच्या मुलींबरोबर असते, चालेल का?" नाहीतर, "पोरगा एवढा मोठा झाला, तरी पाचवीतल्या पोरांत खेळतो."

शाळेत एका वर्गात एका वयाची मुलं असतात. वाडीवर तसं नसतं. तिथं लहान-मोठी मिळून खेळतात, लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून सामावून घेतात. त्यातून मोठा सांभाळून घ्यायला शिकतो आणि लहान बघून शिकतो. वर्गात बुजणारं पोर धाकट्यांत मोकळं बोलतं. पाळीचा त्रास, दहावीनंतरची शाखा, वसतिगृहाचा फॉर्म हे मुली कितीदा आईआधी थोरल्या मैत्रिणीला विचारतात. यात वावगं काही नाही.

मग लक्ष कशावर ठेवायचं? वयापेक्षा वागणं बघा. मैत्री चारचौघांत आहे की लपून? मोठं कुणी पैसे, मोबाईल देऊन "घरी सांगू नको" म्हणतं का? पोर अचानक गप्प झालं, शाळा नको म्हणायला लागलं का? तसं दिसलं तर जवळ बसवून विचारा. ओरडलं की पोर पुढचं सांगत नाही. १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लैंगिक अत्याचारापासून २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं संरक्षण आहे. मदतीसाठी १०९८ हा नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

आणि पोरांच्या त्या मोठ्या-लहान दोस्तांना एकदा घरी चहा-पोह्यांना बोलवा. कोण, कुठलं, कळलं की निम्मी काळजी मिटते.