रासबेरी : बाटलीतली आणि कुंडीतली

महाबळेश्वर-पाचगणीहून परतताना स्ट्रॉबेरीच्या खोक्यासोबत रासबेरी क्रशची बाटली हमखास घरी येते. मग बाह्यरुग्ण विभागात मधुमेहाचे रुग्ण विचारतात, ‘डॉक्टर, फळाचाच रस आहे, चालेल ना?’ क्रश चालत नाही. मात्र रासबेरीची मूठभर ताजी फळे बहुतेकांना चालतात. एकाच फळाबाबत अशी दोन उत्तरे का?

रासबेरी म्हणजे रसाळ मण्यांचा झुबका. प्रत्येक मण्यात एक टणक बी असते. दातांत अडकणाऱ्या या बियांमुळेच फळात तंतुमय भाग भरपूर असतो. १०० ग्रॅम ताज्या लाल रासबेरीत साधारण साडेसहा ग्रॅम तंतू आणि चार ते पाच ग्रॅम साखर असते. प्रौढ व्यक्तीला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते, पोट भरल्यासारखे वाटते आणि शौचाला साफ होते.

क्रशमध्ये हे गणित उलटे होते. बिया गाळल्या जातात आणि साखर घातली जाते. क्रशमध्ये फळाचा अंश किमान २५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ किमान ५५ टक्के असावेत, असे प्रमाण ठरलेले आहे. हे घन पदार्थ म्हणजे मुख्यतः साखर. पेल्यात ५० मिलिलिटर क्रश ओतला, की सहा-सात छोटे चमचे साखर पोटात जाते.

रासबेरी कर्करोग रोखते, वजन उतरवते, अशा दाव्यांवर मात्र विसंबू नका. प्रयोगशाळेत दिसलेला परिणाम माणसात तसाच दिसेल असे नाही. क जीवनसत्त्वच हवे असेल तर आपला पेरू रासबेरीपेक्षा कितीतरी सरस आहे.

तरीही हे झाड घरी लावावे, कारण पिकलेली रासबेरी फार नाजूक असते. ती दूरवर पाठवता येत नाही, म्हणून बाजारात ताजी क्वचित मिळते. युरोपातील लाल रासबेरीला फळ धरण्यासाठी दीर्घ थंडी लागते. आपल्या मैदानी भागात तिला पाने येतात, फळे सहसा येत नाहीत. आपल्यासाठी योग्य आहे ती सह्याद्रीच्या उंच भागात रानात वाढणारी काळी रासबेरी, म्हणजे गौरीफळ. इंग्रजीत हिला ‘मैसूर रासबेरी’ म्हणतात. तिला कडाक्याची थंडी लागत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या उष्ण दक्षिण भागातही ती परसात लावतात.

दीड फूट खोल, तळाला भोके असलेली कुंडी घ्या. माती, शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. सकाळचे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा निवडा. मुळाशी पाणी साचू देऊ नका. लांब फांद्यांना काठीचा किंवा तारेचा आधार द्या. फळे साधारणपणे आदल्या वर्षी वाढलेल्या फांद्यांवर येतात. ती संपली, की त्या फांद्या बुडापासून कापा आणि नव्या वाढू द्या. फळ पूर्ण काळे झाले आणि हलक्या हाताने सुटून आले, की पिकले समजा. फांदीचे टोक जमिनीला टेकले तर तिथेच मुळे धरते. गॅलापागोस बेटांवर याच झुडपाने रान माजवून स्थानिक वनस्पतींना जागा ठेवली नाही. म्हणून ते कुंडीतच आवरा.

आता काट्यांविषयी. फांद्यांवरचे आकडेदार काटे कातडीत खोल घुसतात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. जाड हातमोजे आणि बंद चपला-बूट घालूनच छाटणी करा. काटा लागल्यास तो काढून जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवा. धनुर्वाताची लस दर १० वर्षांनी घ्यावी लागते. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर लगेच घ्यावी. पूर्वीच्या ‘टीटी’ऐवजी आता शासकीय रुग्णालयांत ‘टीडी’ लस देतात. तिने घटसर्पापासूनही संरक्षण मिळते.

मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झाली असेल तर काटा रुतलेला कळतही नाही. अशांनी बागकामानंतर हात-पाय उजेडात नीट पाहावेत. जखम चिघळली, लाली पसरली किंवा काही आठवड्यांनी हातावर ओळीने गाठी आल्या, तर घरगुती लेप लावत बसू नये. अशा गाठी काट्यावाटे शिरलेल्या बुरशीमुळेही येतात. त्यावर उपचार आहेत, पण ते बरेच महिने घ्यावे लागतात. डॉक्टरांना झाडाविषयी आवर्जून सांगा, निदान सोपे होते.

कुंडी आणण्याआधी एवढे करा : धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली, ते आठवून पाहा. आठवत नसेल, तर बहुधा ती घेण्याची वेळ झाली आहे.