रिकामी पुडी जाते कुठे?

कळमनुरी तालुक्यातील एका आंध वस्तीवर मी मुलांना आठवडाभर घरातल्या रिकाम्या पुड्या जमवायला सांगितले. शाम्पू, गुटखा, बिस्किटे, पोते भरले.

"पावसात ह्या कुठे जातात?" मी फळ्यावर वाट काढली: ओढा, कयाधू, पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी समुद्र. काही वाटेतच गुरांच्या पोटात, शेताच्या मातीत.

एक मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या सणाची ताटंपण ओढ्यात पडलीत." माझी मान खाली गेली. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे; कापणीच्या सणाला ती आपणच वाटली होती.

बंधुभगिनींनो, यंदा पळसाच्या पत्रावळी घेऊ या. त्या कुजून खत होते, आणि वस्तीवरच्या बायांना चार पैसे मिळतात.