संकलकाच्या कळा

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, तेव्हा फीत हातांनी कापून जोडावी लागे. आज जुहू-अंधेरीतील संकलक हेच काम संगणकावर करतात. त्यांच्या कळफलकावर ‘जे’, ‘के’ व ‘एल’ या कळा शेजारीशेजारी असतात. बहुतेक संकलन-प्रणालींत ‘जे’ दाबताच चित्र मागे धावते, ‘के’ने थांबते आणि ‘एल’ने पुढे जाते. ‘आय’ने तुकड्याचा आरंभ व ‘ओ’ने शेवट ठरवितात. कळ शोधण्यात एक सेकंद गेला, तरी चित्रपटाची २४ चित्रे पुढे निघून जातात. म्हणून संकलक बोटांना कळांची सवय लावतो व नजर पडद्यावरच ठेवतो. चुकलेला छेद ‘कंट्रोल’ व ‘झेड’ या कळा एकत्र दाबून मागे घेता येतो. परंतु छेद कोठे द्यावा, हे संकलकालाच ठरवावे लागते.