मलागात मुक्काम, मुलासोबत तीन सफरी

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस मलागाला जायचं ठरलं, तेव्हा मी सवयीप्रमाणे वही घेतली आणि रोज एक याप्रमाणे सहलींचे रकाने आखले. मलागा हे स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, भूमध्य समुद्राकाठचं शहर. माझे भाईजान नोकरीनिमित्त तिथं राहतात. कुर्तबा, गरनाता, सेव्हिल, रोंदा, सगळं तिथून एका दिवसात जाऊन येण्याजोगं. फोनवर भाभींना यादी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आपा, यातलं तुमचं किती आणि बाळाचं किती?" बाळ म्हणजे माझा नऊ वर्षांचा मुलगा, चौथीतला. यादीतल्या तीनच सफरी उरल्या, आणि तेवढ्याच पुरल्या.

सर्वांत आधी मोरोक्को खोडलं. समुद्रापलीकडे तंजा दिसतं, तरीफाहून बोट जाते, मोह होतोच. पण भारतीय पासपोर्टला मोरोक्कोचा वेगळा व्हिसा लागतो, आणि आपला शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तिकडून परत स्पेनमध्ये येता येत नाही. सेव्हिल आणि रोंदा नंतर खोडले, मन घट्ट करून.

पहिला दिवस प्रवासाचा शीण काढण्यात गेला. दुपारी चालत 'अल्काझाबा' पाहिला. हा अकराव्या शतकातला अरबांचा किल्ला शहराच्या मध्यावरच आहे, त्याच्या पायथ्याशी रोमन नाट्यगृह आहे आणि त्याचेच काही खांब किल्ल्याच्या दरवाजांत बसवलेले दिसतात. अल्काझाबा म्हणजे 'अल-कसबा'. पुण्याची कसबा पेठ आणि कोल्हापूरचा कसबा बावडा, तोच हा शब्द. मुलाला हे सांगितलं आणि पुढच्या आठ दिवसांचा खेळच सुरू झाला. भाभींच्या स्वयंपाकघरात तेलाच्या बाटलीवर 'असेइते' (अज़-ज़ैत), साखरेच्या पुडीवर 'असूकार' (अस-सुक्कर), तांदळावर 'आर्रोस' (अर-रुझ्झ). मकतबात अरबी शिकणाऱ्या मुलाला परक्या देशात ओळखीची माणसं भेटावीत तसे हे शब्द भेटत गेले. किल्ल्याचा वळणावळणाचा दरवाजा पाहून मात्र त्याला चौथीचं पुस्तक आठवलं. "अम्मी, हत्ती धडक मारू नये म्हणून ना?" स्पेनमध्ये हत्ती कुठले, पण शत्रूला सरळ धावत येता येऊ नये हा मुद्दा त्याने बरोबर पकडला होता.

बाहेर पडताना पोटाचा विचार आधी करावा. तिथं दुपारचं जेवण दोनच्या आसपास सुरू होतं आणि रात्रीचं साडेआठनंतर. आपल्या मुलाला बारालाच भूक लागते. म्हणून पिशवीत चपातीचे रोल, खजूर, केळी आणि पाणी. बाहेर खायचंच तर 'सिन सेर्दो', म्हणजे डुकराचं मांस नको, हे दोन शब्द पाठ असावेत. तरीही प्रत्येक वेळी विचारावं. भाजीतही मांसाचे तुकडे घातलेले असू शकतात, आणि तळणाचं तेल एकच असतं. बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट मुलाला आवडलं. मलागाच्या किनाऱ्यावर वाळूने भरलेल्या जुन्या होड्यांत जाळ करून काडीला ओवलेल्या सार्डिन भाजतात, त्या तर कोकणातल्या माणसाने चुकवू नयेत.

पहिली लांब सफर मुद्दाम इतिहास नसलेली निवडली. मलागाच्या पूर्वेला नेर्खा या गावाजवळ मोठी गुहा आहे. १९५९ साली पाच मुलांना ती सापडली, एवढं कळल्यावर माझ्या मुलाला आणखी काही सांगायची गरज पडली नाही. संध्याकाळ समुद्रावर. दुसऱ्या दिवशी कुठेही नाही.

मग कुर्तबा. जलद रेल्वेने सुमारे तासाभराचा प्रवास. मशिदीचं बांधकाम पहिल्या अब्दुर्रहमान यांनी इ.स. ७८५ च्या सुमारास सुरू केलं आणि पुढच्या दोनशे वर्षांत ती वाढत गेली. आज आत ८५६ खांब आहेत, त्यांच्यावर लाल-पांढऱ्या कमानी, एकीवर एक. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं तेव्हापासून ही वास्तू चर्च आहे. सोळाव्या शतकात तर खांबांच्या मधोमध उंच कॅथेड्रल उभारलं गेलं. अल्लामा इक्बाल १९३३ साली इथं आले होते, 'मस्जिद-ए-कुर्तबा' ही नज्म त्या भेटीतून आली. उर्दूच्या वर्गात ती शिकवताना माझा आवाज दरवर्षी भरून येतो. मुलाशी काय बोलायचं, हे मात्र मी ठरवून गेले नव्हते. ही माझी चूक.

मेहराबसमोर पोहोचल्यावर त्याने विचारलं, "अम्मी, वुजू कुठे करायचा?" इथं मुसलमानांना नमाजची परवानगी नाही, असं मी सांगितलं. "पण मशीद आहे ना? आपली आहे ना?" आजूबाजूला माणसं, समोर सोनेरी कुफी अक्षरं, आणि वीस वर्षं शिकवणाऱ्या मला वाक्य सापडेना. मी त्याला संत्र्याच्या झाडांच्या अंगणात घेऊन गेले. तिथं बसून सांगितलं की, ही मुसलमानांनी बांधली, मग राज्य बदललं आणि तिचं चर्च झालं. मशिदीच्या आधी या जागी चर्च होतं, असं जुन्या अरब इतिहासकारांनीच लिहून ठेवलंय, तेही सांगितलं. तो गप्प राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे त्यांच्या मुलांनीपण असंच विचारलं असेल." पुढे मी काही बोलले नाही. त्या दिवशी आणखी एखादं ठिकाण ठरवलेलं असतं, तर घड्याळाकडे पाहत मी त्याला तिथून उठवलंच असतं.

एक गोष्ट त्याने स्वतः शोधली. आपण घरी पश्चिमेकडे तोंड करतो, मामूंच्या घरी किब्ला जवळजवळ पूर्वेला. मोबाइलच्या होकायंत्रात पाहून तो म्हणाला, "हा मेहराब दक्षिणेकडे जास्त वळलाय." खरंच तसं आहे. जाणकारांनाही हे ठाऊक आहे.

गरनात्याची तयारी मात्र भारतातूनच करावी. अल्हम्ब्राची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर काही आठवडे आधीच संपतात. नाव आणि पासपोर्ट क्रमांक द्यावा लागतो, आणि जाताना मूळ पासपोर्ट जवळ हवा. बारा वर्षांखालच्या मुलाला पैसे पडत नाहीत, तरी त्याचं तिकीट काढावंच लागतं. नसरी महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर ठरलेली असते. ती चुकली की महाल गेले. मलागाहून बसला दीड-दोन तास लागतात. म्हणून सकाळची पहिली वेळ घेऊ नये, दुपारी बाराच्या पुढची घ्यावी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, तेही ध्यानात असू द्या. सफरातली कसर आणि दोन नमाजा एकत्र करणं याबद्दल आपापल्या मसलकाप्रमाणे निघण्याआधीच विचारून घ्यावं.

महालाच्या भिंतींवर 'व ला गालिब इल्लल्लाह' हे शब्द जागोजागी कोरलेत. अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही. पहिल्यांदा ते मुलाने अडखळत वाचलं, मग प्रत्येक भिंतीवर शोधत सुटला. शंभरापर्यंत मोजून थकला. मला स्वतःला पाणी जास्त आवडलं. दारो नदीचं पाणी काही किलोमीटरवरून पाटाने टेकडीवर आणलेलं, आणि त्या पाटाचं नाव आजही 'असेकिया', म्हणजे अस-साकिया. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही करामत लगेच समजेल.

असरच्या वेळी छोट्या बसने समोरच्या अल्बैसीन टेकडीवर गेलो. सान निकोलास चौकाला लागूनच २००३ साली उघडलेली मशीद आहे. तिच्या बागेतून दरीपलीकडचा अल्हम्ब्रा पूर्ण दिसतो, मावळत्या उन्हात खरोखर लाल. मुलगा न विचारताच वुजूखान्याकडे धावला. ओल्या हातांनीच त्याने माझ्याकडून मोबाइल मागितला, होकायंत्र पाहिलं आणि म्हणाला, "मामूंच्या घरासारखाच आहे." मग तो आत गेला.