खुरपायला बसता येईल का?

सकाळी 8.30
ओपीडी नऊला उघडते. त्याआधी मी वही काढते. रोज एकाच रुग्णाबद्दल लिहायचं, असा नेम आहे: काय व्हावं असं वाटलं होतं, झालं काय, पुढच्या खेपेला काय बदलून पाहायचं. कालच्या पानावर एक मावशी आहेत. दोन्ही गुडघ्यांची झीज, व्यायाम नियमित, दुखणं बरंच कमी. केस पेपरवर ‘सुधारणा’ असा शेरा आहे. वहीत मात्र त्यांचा प्रश्न उतरवून ठेवलाय: “मॅडम, खुरपायला बसता येईल का?”

9.15
मावशी आल्याच. “आज करंट नाही का लावणार?”
सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या भागात फिजिओ म्हणजे मशीन, हे लोकांच्या मनात पक्कं बसलंय आणि ते बसवण्यात आमच्या व्यवसायाचाही हात आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2022 मध्ये स्पष्टच लिहिलं: सांध्यांच्या झिजेसाठी टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाऊंड अशी मशीनं लावू नका, फायद्याचा पुरेसा पुरावा नाही; व्यायाम मात्र द्या. मावशींना सांगितलं, “करंटनं तेवढ्यापुरतं बरं वाटेल. पायात ताकद आली तर रानात जाता येईल.”

मग चटई अंथरली. “खुरपताना बसता तशा बसून दाखवा.” त्यांनी लुगडं सावरलं, उजवा हात मांडीवर रोवला, टाचा उचलून चवड्यांवर खाली जाऊ लागल्या. अर्ध्यातच थांबल्या. डावा हात जमीन शोधत होता. “दुखतंय?” “न्हाई. पडंन असं वाटतंय.” अडवत होती ती भीती. मी लगेच दोन पाट एकावर एक ठेवले. त्यावर त्या सहज बसल्या, उठल्या. वरचा काढला. जरा थांबून पुन्हा बसल्या.

अमेरिकेतले डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकात दोन प्रकारचे विचार वेगळे करून दाखवले: काम चालू असताना होणारा आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला. पहिला असा चटईवर होऊन जातो. दुसऱ्यासाठी वही लागते, आणि वेळही. तो वेळ ड्युटीतच मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे. घरी जाऊन, स्वयंपाक आवरून कोण लिहीत बसणार?

12.00
वॉर्ड. पक्षाघाताचे, सांधा बदललेले रुग्ण. इथे उसंत नसते.

2.30
जर्नल क्लब. सिडनीहून 1999 पासून चालणाऱ्या ‘पेड्रो’ या फिजिओथेरपीच्या चाचण्यांच्या मोफत संग्रहातून इंटर्नने सांध्यांच्या झिजेवरच्या व्यायामाची एक चाचणी निवडली होती. पेड्रो प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण देतं. “मॅडम, हिचे गुण का कापलेत?” व्यायाम शिकवणाऱ्यापासून तो कोणता व्यायाम शिकवतोय हे लपवणार कसं? ते गुण व्यायामाच्या चाचण्यांना जवळजवळ कधीच मिळत नाहीत. म्हणून नुसता आकडा पाहून चाचणी बाजूला टाकायची नाही.

त्या चाचणीत रुग्णांची सुधारणा ‘वोमॅक’ या प्रश्नावलीने मोजली होती. मी मुलांना तिचे सगळे 24 प्रश्न वाचायला लावले. मोजे घालणं आहे, काढणंही आहे, गाडीत चढणं-उतरणं आहे. मांडी घालणं नाही, उकिडवं बसणं नाही. मावशींनी मोजे आयुष्यात घातले नसतील. ही उणीव पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने ओळखली आणि आपल्याकडच्या राहणीला धरून वोमॅकमध्ये बदल केले. याच गटाने 1996 मध्ये सांधेदुखीची घरोघर पाहणी सुरू केली, ती आमच्या शेजारच्या भिगवणला.

4.30
मुलांपैकी एकीने अवघड प्रश्न टाकला: उकिडवं बसायला शिकवावंच का? रास्त आहे. 2004 मधल्या बीजिंगच्या अभ्यासात तरुणपणी रोज जास्त वेळ उकिडवं बसलेल्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळली होती. पण मावशींना खुरपणी सुटलेली नाही. मजुरी त्यावरच आहे. मग बसवायचं, की बुटक्या पाटावरून खुरपायला लावायचं? हे आपणच अभ्यास करून पाहावं, पण उपचाराची चाचणी एवढ्यात नको, आधी मोजमाप पक्कं करू, असं ठरलं. किती उंचीच्या पाटावरून हात न टेकता उठता येतं, हे दोघी फिजिओंनी एकमेकींचा आकडा न बघता मोजायचं. आकडे जुळले तरच पुढची गोष्ट.

6.00
या मोजमापाच्या अभ्यासासाठी एथिक्स कमिटीला द्यायचा संमतीपत्राचा मराठी मसुदा. “भाग घेतला नाही तरी उपचारात फरक पडणार नाही” हे वाक्य दुसऱ्या पानावर होतं, ते पहिल्या पानावर सगळ्यात वर घेतलं. मावशींना विचारायला मी जाणार नाही. मला त्या कधीच नाही म्हणणार नाहीत. विचारणारी व्यक्ती त्यांच्या उपचाराशी संबंध नसलेली हवी, असं अर्जात लिहिलं आणि समाजसेवा विभागाला तशी चिठ्ठी पाठवली.