मराठी अक्षर कम्पाइल होताना मोडते

‘किल्ला’ हा शब्द संगणकात ज्या क्रमाने साठवलेला असतो, त्या क्रमाने तो पडद्यावर दिसत नाही. युनिकोडमध्ये आधी क येतो, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ल, हलन्ताची खूण, पुन्हा ल आणि शेवटी काना. वाचणाऱ्याला मात्र वेलांटी क च्या आधी हवी असते आणि दोन्ही ल एकमेकांत मिसळलेले हवे असतात. साठवलेल्या क्रमातून वाचण्याजोगे अक्षर घडवण्याचे काम हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी करते. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत तीच आहे. ‘दऱ्या’मधला मराठीचा खास अर्धा र जागेवर बसवणारीही तीच. ती नसेल तर प्रोग्राम बंद पडत नाही. तो चालू राहतो आणि वेलांटी भलत्या अक्षराला चिकटवून, जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरे उभी करून ठेवतो. माझे म्हणणे या चालू राहण्याबद्दल आहे. आवश्यक लायब्ररी सापडली नाही तर सॉफ्टवेअर कम्पाइल होताना, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार होताना, तिथेच थांबले पाहिजे. गुपचूप पुढे जाता कामा नये.

चित्रांचे किंवा मांडणीचे सॉफ्टवेअर आज एकदाच लिहितात आणि विंडोज, मॅक, लिनक्स अशा तिन्ही ठिकाणी कम्पाइल करतात. त्यातला मोठा भाग इतरांच्या लायब्ररींवर उभा असतो: फॉन्ट वाचायला एक, जेपीईजी उघडायला दुसरी, रेषा काढायला तिसरी. लिनक्सवर या लायब्ररी वितरणाच्या भांडारातून मिळतात. विंडोजवर असे सामायिक भांडार मुळात नसल्याने त्या स्वतः गोळा करून सोबत द्याव्या लागतात. म्हणून कम्पाइल करणारी यंत्रणा आधी शोध घेते, कोणती लायब्ररी आहे आणि कोणती आवृत्ती आहे ते पाहते. काही लायब्ररी अनिवार्य असतात, काही ऐच्छिक. ऐच्छिक सापडली नाही तर ती सुविधा वगळून काम पुढे सरकते आणि त्याची नोंद शेकडो ओळींच्या अहवालात कुठेतरी एका ओळीत राहते.

पायथन भाषेत चित्रे हाताळणारी पिलो ही लायब्ररी याचे बोलके उदाहरण आहे. चित्रावर मजकूर उमटवायच्या तिच्याकडे दोन रीती आहेत. साधी रीत अक्षरे एकापुढे एक ठेवते. दुसरी राक्म नावाच्या लायब्ररीवर चालते. राक्म अक्षरे घडवण्याचे काम हार्फबझकडे सोपवते आणि अरबी, हिब्रू, उर्दू यांसारख्या लिखाणाची दिशा ठरवायला फ्रिबिडी वापरते. २०२१ मधल्या ८.२.० आवृत्तीपासून पिलोच्या तयार पॅकेजात राक्म आहे, पण फ्रिबिडी प्रोग्राम चालताना संगणकावर शोधली जाते. विंडोजवर ती आपोआप नसते, फाइल वेगळी आणून ठेवावी लागते. ती मिळाली नाही की राक्म बाजूला पडते, तिच्याबरोबर हार्फबझही, आणि पिलो साध्या रीतीवर येते. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, तिला फ्रिबिडीची गरजच नाही. तरीही फ्रिबिडीच्या अभावी मराठी मोडते. साध्या वापरात याची सूचनाही मिळत नाही. त्याच प्रोग्रामने लिनक्सवर नीट छापलेले ‘विद्यार्थी’ विंडोजवर विस्कटते आणि कोडमध्ये चूक शोधणाऱ्याला काही सापडत नाही, कारण कोडमध्ये चूक नसतेच.

पिलो मूळ कोडमधून कम्पाइल केली तर आणखी एक गोष्ट दिसते. जेपीईजीची लायब्ररी सापडली नाही तर काम थांबते, तशी ती अनिवार्यच ठरवलेली आहे. राक्म नसेल तर काम पुढे जाते. राक्म हवीच असे कम्पाइल करणाऱ्याने पर्याय देऊन सांगितले, तरच तिच्या अभावी काम थांबते. ही सोय आहे याबद्दल पिलोच्या लेखकांचे कौतुक केले पाहिजे. पण न सांगता काय अनिवार्य आणि काय ऐच्छिक, या निवडीत रोमन लिपीचे जग गृहीत धरलेले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की इतकी कडक अट घातली तर लहान यंत्रांवर, जिथे मजकूर छापायचाच नाही तिथेही, सॉफ्टवेअर कम्पाइल होणार नाही. आक्षेप रास्त आहे, पण तो वगळण्याच्या हक्काबद्दल आहे, गुपचूप वगळण्याबद्दल नाही. जेंटू या लिनक्स वितरणाच्या लोकांनी, संगणकावर जे सापडेल त्यावरून आपोआप ठरणाऱ्या लायब्ररीवरील अवलंबित्वाला (डिपेन्डन्सीला) ‘ऑटोमॅजिक’ असे नाव देऊन तिला दोषच मानले आहे, कारण मग एकाच कोडमधून दोन यंत्रांवर दोन वेगळी सॉफ्टवेअर तयार होतात. मेसॉन या कम्पाइल करण्याच्या साधनात प्रत्येक सुविधेला तीन स्थिती देता येतात: चालू, बंद किंवा आपोआप. लोकांच्या हाती जाणारी प्रत कम्पाइल करताना तिसरी स्थिती वापरू नये, एवढीच माझी मागणी आहे. नको असेल त्याने बंद असे लिहावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही सुटू नये म्हणून सगळ्या लायब्ररी सोबत बांधून दिल्या तर त्यांतले दोषही सोबत जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये चित्रे उघडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत सुरक्षेचा धोकादायक दोष उघड झाला. तो सुरुवातीला क्रोमचा दोष म्हणून जाहीर झाला. मग लक्षात आले की तीच लायब्ररी फायरफॉक्समध्ये आणि इलेक्ट्रॉन या अॅप बांधण्याच्या साधनावर उभ्या असलेल्या अनेक अॅप्समध्येही आहे. प्रत्येकाला आपापली प्रत वेगळी दुरुस्त करावी लागली. म्हणून लिनक्स वितरणे एकच सामायिक प्रत ठेवण्याचा आग्रह धरतात, आणि जिथे भांडार आहे तिथे तो योग्यच आहे. विंडोजवर मात्र प्रत सोबत देण्यावाचून गत्यंतर नसते. तिथे कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, याची यादी कोडसोबतच लिहून ठेवली तर दोष निघाल्या दिवशी आपल्यात ती प्रत आहे का, हे लगेच कळते.

यादी असूनही चूक होऊ शकते, आणि देवनागरी न वाचणाऱ्या प्रोग्रामरला मोडलेले अक्षर मोडलेले दिसणारच नाही. त्यासाठी तिन्ही प्रणालींवर, प्रत्येक वेळी कम्पाइल झाल्यावर, ‘दऱ्या’, ‘किल्ला’, ‘विद्यार्थी’ असे शब्द ठरलेल्या फॉन्टने चित्रात छापून आधीच्या तपासलेल्या चित्राशी ताडून पाहणारी चाचणी असावी. ती चालवायला यंत्र पुरेसे आहे. कोणते शब्द निवडायचे आणि कोणते चित्र बरोबर मानायचे, हे मराठी वाचणाऱ्यालाच सांगावे लागेल, आणि त्यासाठी त्याला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही.