ओवनायिम : कुंभाराचे चाक आणि आपल्या घरातील भांडी

(महिला मंडळाच्या सभेतील ध्वनिमुद्रित व्याख्यानाचे शब्दांकन)



कुंभारकामाविषयी एका परिचारिकेने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या दोन व्यवसायांना जोडणारा एक शब्द आपल्या पवित्र ग्रंथातच आहे. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात फारो शिप्रा आणि पुवा या सुइणींना बजावतो, की इब्री स्त्रिया प्रसूत होताना ‘ओवनायिम’कडे पाहा. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो, तेव्हा तो कुंभारही ‘ओवनायिम’वरच काम करीत असतो. या शब्दाची घडण ‘दोन दगड’ अशी आहे. राशीने निर्गमातील शब्दाचा अर्थ ‘प्रसूतीचे आसन’ असा सांगून यिर्मयाच्या कुंभाराचाच दाखला दिला आहे. प्रसूतिकक्षात आयुष्याची बरीच वर्षे घालवलेल्या मला हा दाखला विशेष प्रिय आहे.

हे दोन दगड एकमेकांवर बसत. एकाला मधोमध उंचवटा, दुसऱ्याला त्यात बसणारी खळगी. खालचा स्थिर राही, वरचा हाताने फिरवीत. हासोरच्या उत्खननात बेसाल्टची अशी जोडी सापडली आहे. त्याची गती मंद आणि एक हात फिरवण्यात गुंतलेला. पुढे चाक पायाने फिरू लागले व दोन्ही हात मातीसाठी मोकळे झाले. पायाने चाक फिरवणाऱ्या कुंभाराचे वर्णन सुमारे 2200 वर्षांपूर्वी बेन सिरा याने केले आहे.

आपल्या वाडवडिलांनी कोकणात पाहिलेले चाक याहून निराळे. एका खुंटीवर तोललेले एकच जड चाक. त्याच्या कडेजवळच्या खाचेत काठी घालून कुंभार ते गरगर फिरवतो, काठी बाजूला ठेवतो आणि चाक मंदावण्यापूर्वी मडक्याची भिंत वर ओढून घेतो. कडेचे वजन हीच त्याची शक्ती. तयार भांडे दोऱ्याने कापून उतरवतात. मात्र मडके तेथे पूर्ण होत नाही. ते अर्धवट सुकले, की आतून एका हाताने दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकतात. त्यामुळे बूड गोल व पातळ होते. गोल बुडाला कोपरा नसतो. आच सर्वत्र सारखी पसरते आणि तडा जाण्याचा संभव कमी होतो.

कारखान्यातील पद्धत मला अधिक ओळखीची वाटते, कारण तेथे आमचेच प्लास्टर ऑफ पॅरिस वापरतात, मोडलेल्या हाडाला घालतो तेच! त्याच्या साच्यात पातळ माती ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेते, साच्याच्या आतील बाजूस मातीचा थर धरतो आणि उरलेली माती ओतून टाकतात. यंत्रावर केलेले भांडे कमी प्रतीचे, असे मी म्हणणार नाही. माठ पाणी गार ठेवतो तो हाताने घडवला म्हणून नव्हे, तर त्याची माती सच्छिद्र असते म्हणून. पाणी झिरपते, बाहेर वाफ होऊन उडते आणि जाताना आतील उष्णता नेते. म्हणूनच दमट मुंबईपेक्षा कोरड्या बेर-शेवामध्ये माठ अधिक चांगले काम करतो.

साधी तांबडी भांडी साधारण 800 ते 1000 अंश सेल्सिअसला भाजतात. कच्चे भांडे ओले राहिले, तर आतील पाण्याची वाफ होऊन ते आव्यातच फुटते. एकदा नीट भाजले, की पुन्हा त्याचा चिखल होत नाही. परंतु छिद्रे राहतातच, आणि अन्नाचा अंश त्यांत मुरतो. लेवीयात तांब्याचे भांडे घासून धुवावे, पण मातीचे फोडून टाकावे, असे का सांगितले असेल, हे छिद्रांचा विचार केला की मनाला पटते. घरातील विशिष्ट भांड्याविषयी मात्र निर्णय रब्बींनीच द्यावा.

छिद्रे बुजवण्यासाठी भांड्यावर काचेसारखा झिलईचा थर देतात, आणि येथे माझ्यातील परिचारिका जागी होते. कमी आचेवर झिलई वितळावी म्हणून पूर्वापार तिच्यात शिसे घालीत आले आहेत. काही ठिकाणी आजही घालतात. अशी झिलई चकचकीत व देखणी दिसते. पण आमसूल, चिंच, लिंबू, व्हिनेगर यांच्या आंबटपणाने शिसे सुटून अन्नात उतरते. त्याला चव नाही, वास नाही. मुलांच्या मेंदूला ते इजा करते, आणि गर्भवतीच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचते. रक्तातील शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. आपले मासळीचे कालवण आणि लोणचे, दोन्ही आंबट. तेव्हा प्रवासातून आणलेला रंगीत वाडगा किंवा कोठून आला हे ठाऊक नसलेली जुनी झिलईची बरणी यांत ते ठेवू नये. भांडे नुसते पाहून शिसे ओळखता येत नाही.

झिलई नसलेल्या साध्या माठाला ही भीती नाही. खाण्यासाठी म्हणून विकलेली व शिसे नसल्याची हमी असलेली भांडी खुशाल वापरावीत. संशयाच्या भांड्यातून मुलांना किंवा गरोदर सुनेला बरेच दिवस जेवण वाढले गेले असेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून रक्ताची तपासणी करून घ्यावी. विचारल्याशिवाय ही तपासणी सहसा होत नाही. आणि तो वाडगा आवडता असेल, तर फेकू नका. भिंतीवरच्या फळीवर तो छानच दिसेल.